अफवा मरते कशी?

"खरं काय ते जाहीर करा, अफवा आपोआप थांबेल," हा सल्ला पोलीस अधिकाऱ्यांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळेच देतात. त्यात गृहीत असं धरलेलं असतं की अफवा अज्ञानावर जगते आणि सत्य कळलं की मरते. पण बहुतेक अफवा खुलासा येण्याच्या आधीच शिळ्या झालेल्या असतात. सांगायला जावं तर समोरचा म्हणतो, "अहो, कालच कळलं मला," आणि सांगणाऱ्याचा हिरमोड होतो. या एवढ्याशा हिरमोडावर गणिताचं एक प्रकरण उभं आहे, आणि मला ते भारी आवडतं.

त्याआधी थोडं कुचाळक्यांच्या बाजूने. रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने लोकांची रोजची बोलणी ऐकून नोंदवली, तेव्हा सुमारे दोनतृतीयांश वेळ माणसांबद्दलच बोलण्यात जातो असं आढळलं: कोण कुणाबरोबर, कोण कुणाशी कसं वागलं. माकडं एकमेकांच्या उवा काढून नाती सांभाळतात, माणूस तेच काम गप्पांनी करतो, असं त्याचं म्हणणं. कोण उसने पैसे बुडवतो हे कानोकानी पसरतं, म्हणून आपण अनोळखी माणसाशीही व्यवहार करू शकतो. तेव्हा गावगप्पा साफ बंद पाडणं कुणाला जमणार नाही आणि जमू नयेही. प्रश्न आवर घालण्याचा आहे.

या विषयातला एक सुरुवातीचा अभ्यास आपल्याकडचा आहे. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा करून १९३५ साली त्यांच्यावर निबंध प्रसिद्ध केला. पाटण्यावर चक्रीवादळ येणार, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार, अशा त्या अफवा होत्या. गंमत अशी की ज्या भागात हादरा जाणवला पण पडझड झाली नाही, तिथेही याहून भयंकर संकटाच्या वावड्या उठत होत्या. घाबरलेल्याला तर उलट दिलासा हवा असणार! पुढे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगरने याचा अर्थ असा लावला की भीती मनात आधी आलेली असते आणि ती समोर दिसणाऱ्या कारणात मावत नाही, म्हणून माणूस तिच्या मापाचं कारण शोधतो. त्या भूकंपाला अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हणणारे खुद्द गांधीजी होते, आणि त्यांना जाहीर विरोध करणारे टागोर होते. मी टागोरांच्या बाजूचा. भूकवचाला आपल्या पापपुण्याचा हिशेब ठाऊक नसतो.

आता गणित. १९६४ साली डेली आणि केंडल या दोन गणितज्ञांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटा लेख लिहिला. साथीच्या रोगांची समीकरणं अफवेला जशीच्या तशी लावू नका, असं त्यांचं सांगणं होतं. रोगी बरा होतो तो काळाने. आजूबाजूला किती जण आजारी आहेत याच्याशी त्याच्या बरं होण्याचा संबंध नसतो. अफवा सांगणारा मात्र गप्प होतो तो लोकांमुळे.

शंभर जणांची सोसायटी घ्या. 'तिसऱ्या मजल्यावरचे काका फ्लॅट विकून चालले' ही बातमी एकाला लागली. नियम दोनच. ज्याला माहीत नाही असा कुणी भेटला, तर ऐकून तोही सांगणारा होतो. ज्याला आधीच माहीत आहे असा भेटला, तर सांगणारा कायमचा गप्प होतो. सुरुवातीला भेटेल तो नवखाच असतो, म्हणून सांगणारे भराभर वाढतात. पन्नास जणांना बातमी कळते तेव्हा फासा समसमान होतो: पुढची भेट नवख्याशी किंवा माहितगाराशी होण्याची शक्यता सारखीच. सांगणाऱ्यांची संख्या त्याच क्षणी शिखरावर असते आणि नंतर उतरू लागते. सगळे गप्प होतात तेव्हा सोसायटीत साधारण वीस जण असे उरतात की ज्यांच्या कानी काहीच आलेलं नाही. लोकसंख्या मोठी घेतली तर नेमका आकडा २०.३ टक्के येतो, मग शहर कितीही मोठं असो. (समीकरण बघायचंच असेल तर: न ऐकलेल्यांचा वाटा x, तर x चा नैसर्गिक लॉगरिदम बरोबर उणे २ गुणिले (१ वजा x). कॅल्क्युलेटरवर ०.२०३ घालून बघा, बसतं.)

यातून निघणारी पहिली गोष्ट: भेटींचा वेग निम्मा केला तर अफवेला दुप्पट वेळ लागतो, पण शेवटी ती पोहोचते तेवढ्याच लोकांपर्यंत. सांगणं आणि हिरमोड, दोन्ही सारखेच मंदावतात. दुसरी: वेग तोच ठेवून, नवखा भेटल्यावर सांगायची शक्यता तेवढी निम्मी केली आणि हिरमोड पूर्वीसारखाच राहिला, तर न ऐकलेले २० वरून जवळपास ४२ टक्क्यांवर जातात. महत्त्व सांगणं आणि हिरमोड या दोन शक्यतांच्या गुणोत्तराला आहे. तिसरी माझी लाडकी: समजा निम्म्याहून जास्त लोकांना ही गोष्ट खोटी असल्याचं आधीच माहीत आहे आणि ते "ठाऊक आहे, खोटं आहे ते" म्हणून सांगणाऱ्याला गप्प करतात. मग अफवा वाढतच नाही, पहिल्यापासून उतरणीलाच लागते. म्हणजे सत्य निरुपयोगी नाही, फक्त त्याने आधी पोहोचायला हवं. निम्म्या गावाला अफवा कळल्यावर निघालेला खुलासा मुळात उतरत्या अफवेच्या मागे धावतो, आणि श्रेय खुलाशाला मिळतं.

२१ सप्टेंबर १९९५ आठवतो? त्या दिवशी गणपती दूध प्यायला. मोबाईल जवळपास नव्हतेच, एसटीडी बूथ होते, तरी एका दिवसात देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. चमच्यातलं दूध मूर्तीला टेकलं की पृष्ठताणामुळे बाहेर ओढलं जातं आणि पातळ थर होऊन मूर्तीवरून खाली ओघळतं, हे शास्त्रज्ञांनी रंगीत दूध वापरून दाखवलंही. ओघळ पायथ्याशी दिसत होता, पण लोक चमच्याकडे बघत होते.

खुलासा पोहोचेपर्यंत अफवेला मिळणारा वेळ किती जीवघेणा ठरतो ते धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला कळलं. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजार. मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जनजागृतीपटाचा शेवट कापून केलेला होता.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. तेव्हा एका ग्रुपमध्ये २५६ जण मावत, म्हणजे पाच ग्रुप धरले तरी एका दमात साधारण १२८० माणसं. एप्रिल २०२० मध्ये, पाच किंवा अधिक हातांतून गेलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. असे संदेश ७० टक्क्यांनी घटले, हा कंपनीचा दावा. मजकूर कुलूपबंद असतो, कंपनीला तो वाचता येत नाही. संदेशासोबत जाते ती फक्त किती हात बदलले याची मोजणी. तेव्हा 'एआय अफवा पकडेल' म्हणणाऱ्यांनी निदान व्हॉट्सॲपपुरतं तरी आधी कुलपाचं बोलावं.

ब्राझीलमधल्या संशोधकांनी सार्वजनिक ग्रुपांवरून ही मर्यादा तपासली, तेव्हा पसरण्याचा वेग घटतो, पण फार चटकदार मजकूर अडत नाही असं दिसलं. डेली-केंडलच्या पहिल्या निष्कर्षाची आठवण व्हावी असंच हे आहे. पण खुलासा निम्म्या गावापर्यंत आधी पोहोचवायला त्या मिळालेल्या तासांचा उपयोग होतो, आणि राईनपाड्यात कमी पडले ते तासच.

राहिला ग्रुपचा ॲडमिन. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला केवळ ॲडमिन म्हणून तो जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली म्हटलं. त्याच्या हाती मोजकी हत्यारं. पोस्ट नुसती उडवली तर लोकांना ती जास्तच खरी वाटायची भीती. "तुम्ही स्वतः पाहिलंत की कुणी पाठवलं?" एवढं विचारलं तर पुढचा माणूस पाठवताना थोडा कचरतो, म्हणजे सांगणं आणि हिरमोड यांचं ते गुणोत्तर हलतं. आणि 'फक्त ॲडमिनच लिहू शकेल' हे बटण दाबलं तर त्या ग्रुपपुरता सांगण्याचा दर शून्य. मात्र त्याच रात्री सोसायटीचा दुसरा ग्रुप निघतो, ज्यात कमिटीचं कुणी नसतं.