अचानक गेलेली नजर आणि रक्तातली गुठळी

भातलावणीच्या दिवसांत सिंधुदुर्गात बायकांची बोटं-मनगटं दुखली तर कोणी मनावर घेत नाही. गालांवरचे लाल चट्टे उन्हाच्या माथी मारले जातात. आणि एके सकाळी एका डोळ्यापुढे अंधार येतो. डोळा दुखत नाही, लालही होत नाही. मग ‘बाहेरचं’ म्हणून देवळात कौल लावतात. श्रद्धेचा मान राखूनही सांगते, कौल थांबू शकतो, दृष्टिपटल, म्हणजे डोळ्याच्या आतला पडदा, थांबत नाही. चारेक तास रक्त मिळालं नाही, तर झालेली हानी सहसा भरून येत नाही.

म्हाताऱ्या माणसात अशा वेळी आधी साखर, रक्तदाब बघतात. तिशीतल्या बाईत मात्र ल्युपस या आजाराचाही विचार हवा. यात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते; सांधेदुखी आणि गालांवरचे चट्टे त्यातूनही येतात. दहा रुग्णांत साधारण नऊ बायका. यातल्या बऱ्याच जणींच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडं (प्रतिकारशक्तीने बनवलेली प्रथिनं) असतात, आणि त्यांची करणी मला फार विलक्षण वाटते.

फॉस्फोलिपिड म्हणजे पेशींचं आवरण ज्याचं बनतं तो स्निग्ध पदार्थ. रक्त गोठवणारे घटक त्याच्याच पृष्ठभागावर एकत्र येऊन काम करतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे मोजणाऱ्या ए.पी.टी.टी. चाचणीत नळीत मोजकंच फॉस्फोलिपिड घालतात. प्रतिपिंडं ती जागा अडवतात, घटकांना टेकायला जागा उरत नाही आणि रक्त उशिरा गोठतं. जादा फॉस्फोलिपिड घातलं की वेळ पुन्हा कमी होतो. अशी प्रतिपिंडं आहेत हे कळतं ते इथे. शरीरात मात्र उलटं घडतं. बीटा-२ ग्लायकोप्रोटीन नावाच्या प्रथिनाला धरून हीच प्रतिपिंडं रक्तवाहिनीचं अस्तर आणि प्लेटलेट्स चेतवतात. जखम नसताना गुठळी होते. म्हणून रिपोर्टात ‘रक्त उशिरा गोठतं’ दिसलं, तरी या रुग्णाला धोका गुठळीचाच.

दृष्टिपटलाची मुख्य धमनी मिलिमीटरच्या अंशाएवढी. ती तुंबली की पडदा पांढुरका पडतो आणि मधोमध पिकल्या रतांब्यासारखा लाल ठिपका दिसतो. तिथे पडदा सर्वांत पातळ असल्याने मागचा रक्ताने भरलेला थर दिसतो.

हीच प्रतिपिंडं गर्भाला पोसणाऱ्या वारेचंही काम बिघडवतात. वरचेवर गर्भपात झाले की आपल्याकडे बाईच्या नशिबाला बोल लावतात, हे मला अतिशय चीड आणणारं वाटतं. डोळ्याच्या डॉक्टरांना ते गर्भपात, सांधेदुखी, चट्टे सगळं आपणहून सांगा. प्रतिपिंडांची चाचणी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करतात. दुसऱ्यांदाही प्रतिपिंडं सापडली, तर रक्त पातळ ठेवणारं औषध बहुधा कायमचं घ्यावं लागतं.