संगणकावरचा लैंगिक आरोग्य कोर्स: बसवून घेणाऱ्यांसाठी माहिती

१८ वर्षांवरील गे आणि बायसेक्शुअल तरुणांसाठीचा हा कोर्स आम्ही कोल्हापुरातल्या कॉलेजांत, वसतिगृहांत आणि दवाखान्यांत बसवून देतो. 'हे कायद्यात बसतं का?' असं ट्रस्टींनी विचारलं तर सांगा: सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलैंगिक संबंध सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालापासून गुन्हा नाहीत.

आधी संगणकाची जागा ठरवा. बसणाऱ्याची पाठ भिंतीला लागेल असं टेबल लावा. सीसीटीव्हीचं तोंड तिकडे नको, हेडफोन हवाच. हजेरीची वही तर अजिबात ठेवू नका. आपलं शहर ओळखीपाळखीचं; वहीतलं नाव घरी पोचलं की पोरगा परत फिरकत नाही. कोर्स नाव, मोबाइल नंबर, ओटीपी काहीच मागत नाही आणि मुद्दामच इंटरनेटशिवाय चालतो. कारण ब्राउझरच्या इन्कॉग्निटो म्हणजे खासगी खिडकीत संगणकावर हिस्ट्री राहत नाही, पण कोणती साइट उघडली हे वाय-फाय चालवणाऱ्याला कळू शकतं. 'एस्केप' दाबलं की स्क्रीन कोरी होते. २ मिनिटं हात लागला नाही तर दिलेली उत्तरं पुसली जातात.

कोर्स आधी प्रश्न विचारतो आणि उत्तरं बघून पुढचा भाग उघडतो. सगळ्यात सविस्तर भाग कंडोमचा, कारण चुका तिथेच होतात. खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं की लॅटेक्स कमजोर होतं. पाण्याची किंवा सिलिकॉनची जेलीच वापरायची. कोरडा वापरला तरी फाटतो, एकावर एक दोन चढवले तरी घासून फाटतात. खिशातल्या पाकिटात दबून राहिलेला टाकून द्यायचा. टोक चिमटीत धरून हवा काढायची, मग मुळापर्यंत उलगडायचा.

इतकं करूनही फाटलाच, तर दुसऱ्या दिवशीवर ढकलायचं नाही. डॉक्टरांना गाठून पेपच्या गोळ्या (संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळण्यासाठीच्या) ७२ तासांच्या आत सुरू करायच्या, जितक्या लवकर तितकं बरं, आणि २८ दिवस घ्यायच्या.

एचआयव्हीची रॅपिड टेस्ट निगेटिव्ह आली, पण शेवटच्या असुरक्षित संबंधाला ३ महिने झाले नसतील, तर ती पुन्हा करावी लागते. घशातला किंवा गुदद्वारातला गनोरिया (संबंधातून होणारा संसर्ग) लघवीच्या तपासणीत सापडत नाही. तिथला नमुना द्यावा लागतो. सिफिलिस या लैंगिक आजाराची जखम बहुधा दुखत नाही, आपोआप भरते, आजार मात्र अंगात राहतो.

कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसी (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात एचआयव्ही तपासणी मोफत होते. संमतीशिवाय तपासणी नाही आणि निकाल गुप्त, हे २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. शेवटच्या स्क्रीनवर १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर येतो. प्रिंटर जोडू नका, ट्रेमध्ये कागद विसरले जातात. टेबलावर कोऱ्या चिठ्ठ्या आणि पेन ठेवा.