गुणसूत्रांची हालचाल (पेशीविभाजनातील)

पेशीविभाजनाच्या वेळी गुणसूत्रे पेशीच्या मध्यभागी असलेल्या विषुववृत्तीय प्रतलावर येतात, त्यांची अर्धगुणसूत्रे (दुप्पट झालेल्या गुणसूत्राच्या दोन एकसारख्या प्रती) अलग होतात आणि तुर्कतंतूंच्या, म्हणजे ध्रुवांपासून गुणसूत्रांपर्यंत पसरलेल्या तंतूंच्या, साहाय्याने पेशीच्या विरुद्ध टोकांकडे, म्हणजे ध्रुवांकडे, सरकतात. वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या डिंभांच्या पेशींत पाहिलेले या क्रियेचे टप्पे १८८२ मध्ये ग्रंथरूपाने मांडले.

तुर्कतंतू खरोखर अस्तित्वात असतात, की पेशी मारून रंगविताना पेशीद्रव्य गोठल्यामुळे तसा भास होतो, याविषयी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मतभेद होते. १९५० च्या सुमारास शिन्या इनोउए यांनी ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक वापरून जिवंत पेशींतच हे तंतू दाखविल्यावर वाद मिटला. हे तंतू म्हणजे ट्युब्युलिन प्रथिनाच्या, सुमारे २५ नॅनोमीटर व्यासाच्या सूक्ष्मनलिकांच्या जुड्या असून त्यांपैकी काहींची टोके गुणसूत्रबिंदूवरील (दोन्ही अर्धगुणसूत्रे जेथे जोडलेली असतात त्या जागेवरील) कायनेटोकोर या प्रथिनसमूहात रुतलेली असतात.

गुणसूत्राला ओढणारे बल कोठून येते, हा प्रश्न अधिक चिवट ठरला. तंतू स्नायूप्रमाणे आकुंचन पावतात ही जुनी कल्पना टिकली नाही, कारण आखूड होताना ते जाड होत नाहीत. तंतूंच्या विघटनामुळेच ओढ निर्माण होते, असे इनोउए यांनी सुचविले, तर नंतरच्या काही अभ्यासकांनी डायनीनसारख्या, नलिकांवरून सरकणाऱ्या चालक प्रथिनांना श्रेय दिले. १९८७ मध्ये चकाकणाऱ्या ट्युब्युलिनवर लेसरने फिकट पट्टा उमटवून केलेल्या प्रयोगात पट्टा जवळजवळ जागीच राहिला आणि गुणसूत्र त्याच्या दिशेने सरकत गेले. म्हणजे नलिका ध्रुवाशी नव्हे, तर कायनेटोकोरपाशी झिजत होती. पुढच्याच वर्षी एटीपी (पेशीला ऊर्जा पुरविणारे संयुग) नसतानाही, केवळ नलिकांच्या विघटनाने, गुणसूत्रे सरकत असल्याचे पेशीबाहेर दाखविण्यात आले. त्यामुळे विघटन हा मुख्य बलस्रोत आणि चालक प्रथिने पकड व दिशा राखणारी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मात्र फळमाशीच्या भ्रूणात ध्रुवाकडील टोकाशी होणाऱ्या विघटनाचा वाटा मोठा असल्याने एकच नियम सर्वत्र लावता येत नाही. वेग साधारणतः मिनिटाला एक मायक्रोमीटर एवढाच असतो, आर. ब्रूस निक्लस यांनी १९८३ मध्ये नाकतोड्याच्या शुक्रजनक पेशींत सुईने गुणसूत्र अडवून मोजलेले बल मात्र सुमारे ७०० पिकोन्यूटन, म्हणजे पेशीद्रव्याचा रोध ओलांडण्यास लागणाऱ्या बलाच्या कित्येक पट होते.

हालचाल केव्हा सुरू व्हावी, हे ताण आणि जोडणी यांवर ठरते. दोन्ही अर्धगुणसूत्रे एकाच ध्रुवाला जोडली गेली तर ताण निर्माण होत नाही आणि ऑरोरा-बी हे विकर ती सदोष जोडणी सैल करते. एखादा कायनेटोकोर मोकळा असेपर्यंत मॅड२ आदी प्रथिने पश्चावस्था, म्हणजे अर्धगुणसूत्रे अलग होऊन ध्रुवांकडे जाण्याचा टप्पा, रोखून धरतात. या प्रथिनांची जनुके १९९१ मध्ये यीस्टमध्ये ओळखण्यात आली. शेवटची जोडणी झाल्यावर सेपरेज हे विकर मोकळे होऊन अर्धगुणसूत्रांना बांधणारे कोहेसिन हे प्रथिन तोडते. अर्धगुणसूत्री विभाजनाच्या (जननपेशी तयार करणाऱ्या, दोन फेऱ्यांच्या विभाजनाच्या) पहिल्या फेरीत गुणसूत्रबिंदूजवळील कोहेसिनला शुगोशिन या प्रथिनाचे संरक्षण मिळते, म्हणून तेथे समजात गुणसूत्रे (आई व वडील यांच्याकडून आलेली जोडीची गुणसूत्रे) दूर जातात आणि अर्धगुणसूत्रे दुसऱ्या फेरीपर्यंत एकत्र राहतात. प्राण्यांच्या पेशींत ध्रुवांशी असणारे तारककाय सपुष्प वनस्पतींत नसूनही तेथे तुर्कतंतू तयार होतात.