लेसोथो: परक्या कायद्यांवर उभे राहिलेले कारखाने

२ एप्रिल २०२५ रोजी अमेरिकेने देशोदेशींच्या आयातशुल्काचा तक्ता जाहीर केला. त्यात सर्वात जास्त, म्हणजे ५० टक्के शुल्क लेसोथोच्या नावापुढे होते. हा आकडा काढण्याची पद्धत अगदी सरळ होती. २०२४ मध्ये अमेरिकेने लेसोथोकडून सुमारे २३ कोटी ७० लाख डॉलरचा माल घेतला आणि लेसोथोने अमेरिकेकडून जेमतेम २८ लाखांचा. तुटीला आयातीने भागले की येतात ९९ टक्के, त्याचे निम्मे ५०. गरीब देशाला अमेरिकी माल परवडत नाही म्हणून तो घेत नाही, ही गोष्ट या भागाकारात कुठे मांडायलाच जागा नव्हती. महिनाभर आधी ट्रम्प यांनी अमेरिकी संसदेत 'ज्याचे नाव कुणी ऐकलेले नाही असा देश' म्हणून लेसोथोची टर उडवली होती. अमेरिकेतच विकल्या जाणाऱ्या जीन्सच्या लेबलांवर मात्र हे नाव पंचवीस वर्षे छापले जात होते.

हे कारखाने तिथे आले कसे, याचा माग काढला तर लेसोथोतल्या निर्णयांपेक्षा बाहेरचे निर्णयच जास्त सापडतात.

आकाराने महाराष्ट्राच्या दहाव्या हिश्श्याएवढा, तेवीसेक लाख वस्तीचा हा डोंगराळ देश चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. राजा मोशोएशो पहिला याने बोअर, म्हणजे दक्षिण आफ्रिकेत वसलेल्या डच वंशाच्या लोकांपासून वाचण्यासाठी १८६८ मध्ये ब्रिटिशांचे संरक्षण घेतले. राज्य वाचले, पण पश्चिमेकडची उत्तम शेतजमीन कायमची हातची गेली. उरलेल्या डोंगरावर पोट भरेना, तेव्हा पुरुष दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींत जाऊ लागले. १९६६ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तरी चित्र तेच राहिले. १९८० च्या दशकात लाखाहून जास्त बासोथो, म्हणजे लेसोथोचे पुरुष खाणींत होते आणि देश त्यांनी घरी पाठवलेल्या पैशावर चालत होता.

त्यात शेजारी होता वर्णभेदी राजवटीचा. पंतप्रधान लेआबुआ जोनाथन काही आदर्श लोकशाहीवादी नव्हते. १९७० ची निवडणूक हरतोय असे दिसताच त्यांनी ती रद्द केली होती. पण पुढे ते प्रिटोरियाच्या, म्हणजे दक्षिण आफ्रिकी सरकारच्या विरोधात बोलू लागले आणि वर्णभेदाविरुद्ध लढणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या निर्वासितांना त्यांनी थारा दिला. डिसेंबर १९८२ मध्ये दक्षिण आफ्रिकेचे कमांडो राजधानी मसेरूत घुसले आणि ४२ जणांना मारून गेले. १९८६ च्या पहिल्याच दिवशी सीमेची नाकेबंदी झाली. सगळे इंधन आणि बहुतेक धान्य त्याच नाक्यांवरून येत असल्यामुळे पेट्रोल संपायला फार दिवस लागले नाहीत. २० जानेवारीला जनरल लेखान्या यांनी जोनाथन यांना हटवले. निर्वासितांना विमानात बसवून बाहेर पाठवले, मग नाकी उघडली. त्याच वर्षी २४ ऑक्टोबरला डोंगरातले पाणी बोगद्यांतून जोहान्सबर्गच्या परिसराकडे नेण्याचा करार झाला. या पाण्याबद्दलची बोलणी त्याआधी कित्येक वर्षे अडून बसली होती. लष्करी सरकार येताच ती नऊ महिन्यांत मार्गी लागली, हा मला तरी योगायोग वाटत नाही. काटसेचे १८५ मीटर उंच धरण ही लेसोथोतल्या सर्वात मोठ्या गुंतवणुकींपैकी एक. तिचा पाया नाकेबंदीतून आलेल्या सरकारने घातला. १९९८ मध्ये निवडणुकीनंतर दंगे पेटले आणि दक्षिण आफ्रिकेचे सैन्य आत शिरले, तेव्हा धरण ताब्यात घेणे ही पहिल्या कामांपैकी एक होती. तिथे लेसोथोचे सैनिक मारले गेले आणि इकडे मसेरूचा बाजार लुटून जाळला गेला.

कपड्याचे कारखाने मात्र वेगळ्या वाटेने आले. १९८० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेवर आर्थिक निर्बंध येऊ लागले. अमेरिकेचा कडक कायदा १९८६ चा. दक्षिण आफ्रिकेत बस्तान बसवलेल्या काही कंपन्यांना, विशेषतः तैवानी शिलाईवाल्यांना, मालावर दुसऱ्या देशाचे नाव हवे होते. सीमा ओलांडली की ते मिळत होते. रस्ते आणि बंदर दक्षिण आफ्रिकेचेच वापरायचे, लेसोथोचे लोटी हे चलनही दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेले. जोडीला होती कोटा पद्धत. १९७४ पासून श्रीमंत देशांनी कोणाकडून किती कापड आणि कपडे घ्यायचे याच्या मर्यादा ठरवल्या होत्या. मुंबई-दिल्लीच्या जुन्या निर्यातदारांना हा कोटा चांगला आठवत असेल; तो विकतही मिळायचा. तैवान आणि हाँगकाँगचा कोटा भरला की तिथले मालक मर्यादा नसलेला देश शोधत, आणि लेसोथोला मर्यादा नव्हती.

खरी भरती आली ती मे २००० मध्ये क्लिंटन यांनी सही केलेल्या 'अगोआ' कायद्यामुळे. आफ्रिकेतल्या पात्र देशांचे कपडे अमेरिकेत शुल्काशिवाय जाऊ लागले. सिंथेटिक टी-शर्टवर एरवी ३२ टक्के शुल्क लागते, हे लक्षात घेतले की सवलतीचे वजन कळते. कापड कुठूनही आणायची मुभा ही त्यातली सर्वात मोलाची सूट होती. तैवान-चीनहून तागे डर्बन बंदरात उतरवायचे, मसेरूच्या थेत्साने वसाहतीत किंवा मापुत्सोएत बेतून शिवायचे आणि त्याच बंदरातून रवाना करायचे. शेड सरकारी विकास महामंडळ बांधून भाड्याने देई. मालक आणत असे शिलाई यंत्रे आणि ऑर्डर. २००४ पर्यंत कामगार पन्नास हजारांवर गेले आणि ही संख्या सरकारी नोकरांपेक्षा जास्त होती. त्यांत बहुतेक बायका. खाणींतली भरती आटल्याने नवरे घरी परतले होते, आणि महिन्याचा पगार आता फाटकासमोर पापा-मोरोहो, म्हणजे मक्याचा घट्ट सांजा आणि पालेभाजी, खाऊन पाळीला जाणारी बाई आणत होती.

१ जानेवारी २००५ ला जगभरचा कोटा उठला. आपल्याकडच्या निर्यातदारांसाठी ती मोकळीक होती. मसेरूत नाताळच्या सुटीवरून परतलेल्या कामगारांना काही कारखान्यांना टाळे दिसले. मालक थकलेला पगार न देताच निघून गेले होते. त्याआधीची दोन-तीन वर्षे रँडही जोरात वधारला होता. त्यामुळे मजुरी लोटीत द्यायची आणि बिल डॉलरमध्ये वसूल करायचे, हा धंदा आतून पोखरला गेला होता. रँडचे व्याजदर प्रिटोरियात ठरतात, मसेरूच्या मध्यवर्ती बँकेला त्यात बोलायची सोय नाही.

सगळेच पळाले असे नाही. एका तैवानी समूहाने मसेरूत डेनिमची गिरणीही उभारली. पण असे जड भांडवल अपवादच राहिले, आणि याचे कारण वॉशिंग्टनमध्ये होते. बाहेरचे कापड वापरायची सूट २०१५ पर्यंत तीन-चार, फार तर पाच वर्षांसाठी मिळे आणि दर वेळी शेवटच्या घटकेपर्यंत लटकत राही. २०१२ मध्ये ती संपायला महिना-दीड महिना उरला असताना वाढवली गेली, तोवर खरेदीदारांनी ऑर्डर आखडत्या घेतल्या होत्या. शिवाय पात्रतेची तपासणी दरवर्षी. २०१५ पासून स्वाझीलंडची सवलत काढली गेली. २०१४ चा फसलेला उठाव आणि पुढच्या वर्षी झालेली माजी लष्करप्रमुखांची हत्या यानंतर लेसोथोलाही तंबी मिळाली. सुधारणांसाठी असा दट्ट्या हवाच, असे अमेरिकी अधिकारी म्हणत, आणि त्यात तथ्य नव्हते असे नाही. पण सवलत पुढच्या वर्षी राहील की नाही याची खात्री नसताना वीस वर्षांची गिरणी कोण टाकेल? भाड्याच्या शेडमधली यंत्रे कंटेनरमध्ये भरून हलवता येतात, म्हणून गुंतवणूकही तशीच होत राहिली.

आता २०२५ कडे परत येऊ. ५० टक्क्यांना आठवड्याभरातच नव्वद दिवसांची स्थगिती मिळाली. पण त्या तीन महिन्यांनंतर शुल्क नेमके किती लागेल हे कुणी सांगू शकत नव्हते, आणि ऑर्डर थांबायला तेवढे पुरले. जुलैत सरकारने बेरोजगारीपायी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. ऑगस्टमध्ये दर १५ टक्के ठरला. त्याच महिन्यात भारतावरही ५० टक्के बसले. पण तिरुपूरच्या मागे घरची मोठी बाजारपेठ तरी आहे, मसेरूच्या मागे ती नाही. ३० सप्टेंबरला 'अगोआ'चीही मुदत संपली.

इस्वातिनी, म्हणजे पूर्वीचे स्वाझीलंड, आणि केनिया यांना दर लागला १० टक्के. शिलाईच्या धंद्यात पाच टक्क्यांचा फरक ऑर्डर इकडून तिकडे वळवायला पुरतो. मापुत्सोएतले बरेच कारखाने आता दक्षिण आफ्रिकेतल्या दुकानसाखळ्यांसाठी शिवतात. तो माल सीमाशुल्क संघामुळे विनाशुल्क जातो, मजुरीही पलीकडच्यापेक्षा कमी पडते. तिथे वॉशिंग्टनची भीती नाही. पण भाव ठरतो जोहान्सबर्ग-केपटाऊनच्या खरेदी विभागांत, आणि अमेरिकी ऑर्डरवर चालणाऱ्या मोठ्या शेडमधल्या सगळ्यांना सामावून घेण्याएवढी ती बाजारपेठ मोठी नाही.