डब्यापर्यंत पोहोचण्याआधी
(वाचनालयातला शोधखेळ : नोंदणी केलेल्या गटांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार. तुमच्या गटाची नोंदणी झाली आहे. खेळाच्या दिवशी दारात उभं राहून हे सगळं समजावत बसलो तर तुमची वीस मिनिटं जातात, शिवाय वर्तमानपत्र वाचणारी मंडळी चष्म्यावरून आमच्याकडे बघू लागतात. म्हणून घरूनच वाचून या. मुलांनाही वाचून दाखवा. हिशेबाचं काम बहुतेक गटांत तीच करतात.

खेळाचं मूळ जिओकॅशिंगमध्ये, म्हणजे जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधण्याच्या खेळात आहे. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. तोवर सामान्य माणसाच्या यंत्राला जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसायची, ती एकदम नेमकी दिसू लागली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉन राज्यात डेव्ह अल्मर नावाच्या गृहस्थांनी एक बादली झाडीत ठेवली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. ज्याला सापडेल त्याने वहीत नाव लिहायचं, एखादी वस्तू घ्यायची आणि दुसरी ठेवायची. पुढे यात टप्पे आले : पहिल्या जागी दुसरीचा सुगावा, दुसऱ्या जागी तिसरीचा. आमचा खेळ या टप्प्यांच्या जातीतला, फक्त मधले सगळे टप्पे वाचनालयाच्या आत आहेत. आमच्या खेळाच्या शेवटी सापडणारा डबा जिओकॅशिंगच्या जागतिक संकेतस्थळावर मात्र शोधू नका. तिथे व्यावसायिक डबे चालत नाहीत, आणि आम्ही तर पैसे घेतो.

पुस्तकांत चिठ्ठ्या नाहीत

हे ठळक छापायचं कारण आहे. आमच्या पहिल्याच खेळात आम्ही हौसेने पुस्तकांत चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. तिसरी चिठ्ठी ज्या कादंबरीत होती ती आदल्या संध्याकाळी एक सभासद घरी घेऊन गेले. पाच गट एका रिकाम्या फटीकडे बघत उभे. त्याहून वाईट म्हणजे, शोधाशोधीत मुलांनी कपाटातली पुस्तकं काढली आणि जिथे जागा दिसली तिथे कोंबली. चुकीच्या जागी गेलेलं पुस्तक वाचनालयाच्या दृष्टीने हरवल्यातच जमा असतं. नोंदवहीत असतं, पण हाताला लागत नाही. ग्रंथपालबाई काही बोलल्या नाहीत. आम्हीच पुढचे दोन दिवस कपाटं लावत बसलो.

तेव्हापासून लपवाछपवी बंद. सुगावे म्हणून वापरतो ते वाचनालयात आधीपासून असलेले आकडे : पाटीवरचे, पुस्तकाच्या पाठीवरच्या चिठ्ठीतले, शीर्षकपानावरचे. आणि नियम एकच कडक आहे. कपाटातून काढलेलं पुस्तक स्वतः परत लावायचं नाही, टेबलावर ठेवायचं. ते जागेवर लावणाऱ्यांना आम्ही त्या दिवसाचे पैसे देतो. तुमच्या शुल्कात ते धरलेले आहेत.

सहा अंक

तुमच्या गटाच्या कार्डावर शेवटच्या डब्याचे अक्षांश-रेखांश असतात, पण प्रत्येकाचे दशांशानंतरचे तीन अंक कोरे. त्या सहा जागांना अ, आ, इ, ई, उ, ऊ अशी नावं आहेत.

पहिले दोन अंक सोपे आहेत. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता असलेल्या वाचनालयाला अ, ब, क, ड यांपैकी एक वर्ग असतो आणि तो बहुधा पाटीवरच लिहिलेला असतो. अ म्हणजे १, ब म्हणजे २, असं पुढे. दुसरा अंक स्थापनेच्या वर्षातला. पाटी नीट बघा, एवढंच सांगतो.

खरी मजा तिसऱ्यापासून. पुस्तकाच्या पाठीवर चिकटवलेला आकडा म्हणजे त्याचा पत्ता. मेल्व्हिल ड्युई यांनी १८७६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत सगळं ज्ञान ००० ते ९९९ मध्ये बसवलं आहे. ५९८ म्हणजे पक्षी, ६४१.५ म्हणजे पाककृती, ७९६.३५८ म्हणजे क्रिकेट. मराठी साहित्य ८९१.४६ वर. इंग्रजीला अख्खं ८२० चं घर आणि मराठीला दशांशचिन्हानंतरची खोली, हे आम्हाला दर वेळी खटकतं, पण कोड्यासाठी मात्र छान लांब आकडा मिळतो. इथे हटकून होणारी चूक अशी : ६४१.१३ हे ६४१.५ च्या आधी येतं. तेरा पाचापेक्षा मोठे म्हणून पुढच्या कपाटाकडे धावू नका. दशांशाचा पहिला अंक आधी बघायचा, मग दुसरा.

सगळ्याच वाचनालयांत ड्युई नसतो. पुष्कळ ठिकाणी कादंबरी, नाटक, चरित्र अशी विषयवार कपाटं असतात आणि पुस्तक दाखल क्रमांकावर सापडतं. दाखल क्रमांक म्हणजे पुस्तक कितवं आलं त्याचा आकडा. त्याचा विषयाशी काही संबंध नसतो. म्हणून एकमेकांना खेटून बसलेल्या दोन पुस्तकांच्या क्रमांकांत कित्येक वर्षांचं अंतर असू शकतं. तुमच्या वाचनालयात यांपैकी काय आहे ते कार्डाच्या मागे छापलेलं असेल.

चौथा अंक एका जुन्या पुस्तकात आहे. मूळ प्रतीला हात लावायचा नाही, शीर्षकपानाची झेरॉक्स संदर्भ विभागाच्या टेबलावर मिळेल. तिच्यावर साल शके दिलेलं आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो : शके १८२० म्हणजे १८९८. पण शकाचं वर्ष चैत्रात सुरू होतं, म्हणून फाल्गुनात छापलेल्या पुस्तकाला ७९ मिळवावे लागतात. महिना वाचल्याशिवाय बेरीज करू नका. जुन्या छपाईतले १ आणि ९ सुद्धा दोनदा बघा.

पाचव्यासाठी आम्ही एका नव्या पुस्तकाच्या तेरा अंकी आयएसबीएनमधला, म्हणजे पुस्तकावर छापलेल्या ओळख क्रमांकातला, एक अंक झाकतो. या तेरा अंकांना ओळीने १, ३, १, ३ ने गुणून बेरीज केली की तिला दहाने पूर्ण भाग जातो. नमुना म्हणून ९७८८११२३४५६७ हे बारा अंक घ्या. बेरीज येते १२३. पुढचा दहाचा पाढा १३०, म्हणून तेरावा अंक ७. झाकलेला अंक कुठलाही असो, उत्तर एकच निघतं. पुस्तकाच्या दुकानातलं यंत्र दर वेळी हाच हिशेब करत असतं.

सहावा सांगत नाही. तो देवघेव विभागात हळू आवाजात विचारायचा आहे, आणि काय विचारायचं ते पाचव्या उत्तरातून कळतं.

सहाही अंकांची बेरीज कार्डावर छापलेली आहे, जुळते का बघा. अंकांची अदलाबदल झाली तर मात्र ही बेरीज काहीच बोलणार नाही.

फोन कधी बाहेर काढायचा

आत नाही. स्लॅबखाली जीपीएस चालत नाही, निळा ठिपका शेजारच्या सोसायटीत फिरत राहतो. अंक जुळले की अंगणात या, उघड्या आभाळाखाली मिनिटभर थांबा, मग नकाशात टाका.

टाकताना एक काळजी. आमचे आकडे अंश आणि मिनिटांत आहेत (एका अंशात साठ मिनिटं), नुसत्या दशांश अंशांत नाहीत. पुण्याच्या मध्यवस्तीतली एक जागा आमच्या पद्धतीने १८ ३१.२२४, ७३ ५१.४०२ अशी लिहितात. तिचाच अक्षांश दशांशात १८.५२०४ होतो. हा दुसरा आकडा कोणी १८ अंश ५२.०४ मिनिटं असा वाचला तर डबा राजगुरुनगरच्या बाजूला, अडतीसेक किलोमीटर उत्तरेला जाईल. मिनिटाच्या दशांशातला पहिला अंक १ ने चुकला तर साधारण १८० मीटरचा फरक पडतो, दुसरा चुकला तर १८ चा, तिसरा चुकला तर दोनाहूनही कमी. म्हणजे ऊ चुकला तरी डबा मिळू शकेल, अ चुकला तर दुसऱ्याच्या गच्चीखाली उभे राहाल.

डबा

परदेशी खेळात डबा जितका बेमालूम तितकं कौतुक. आपल्याकडे बागेत लपवलेली बंद पेटी दिसली की लोक पोलिसांना बोलावतात, आणि बरोबरच करतात. त्यामुळे आमचा डबा पारदर्शक आहे, वर मराठीत काय आहे ते लिहिलेलं आहे, आणि तो लेखी परवानगी घेतलेल्या जागीच असतो. काही खणायचं नाही, कुंपण ओलांडायचं नाही, फांद्या वाकवायच्या नाहीत. आत वही आहे. तारीख आणि गटाचं नाव लिहा. वस्तू घेतलीत तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवा. खाऊ ठेवू नका, मुंग्या आमच्याआधी पोहोचतात.

बरोबर पेन्सिल आणा (पेन नको, पुस्तकं जवळ आहेत), चष्मा लागत असेल तर तो आणा, पाण्याच्या बाटल्या दारातल्या टेबलावर ठेवा. एका गटात दोन ते पाच जण, वेळ अडीच तास. दहा वर्षांखालच्या मुलांबरोबर एक मोठं माणूस हवं. अडकलात तर कार्डाच्या मागच्या बाजूला टाचलेली बंद पाकिटं फोडा. त्याचे गुण कापत नाही, कारण गुण देतच नाही.

पाऊस असेल तर डबा वाचनालयाच्या पडवीत आणून ठेवतो. अंक सोडवावे तेवढेच लागतील, फक्त भिजायचं राहील.