चौधरी, जनरल जयंतोनाथ

चौधरी, जनरल जयंतोनाथ : (१० जून १९०८–६ एप्रिल १९८३). भारताचे माजी लष्करप्रमुख आणि पोलीस कारवाईनंतरच्या (म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजांनी निजामाविरुद्ध केलेल्या मोहिमेनंतरच्या) हैदराबाद संस्थानाचे लष्करी गव्हर्नर. १९६२ ते १९६६ या काळात ते भारतीय भूसेनेचे प्रमुख होते आणि १९६५ चे भारत-पाकिस्तान युद्ध त्यांच्याच कारकिर्दीत झाले. तरीही मराठवाडा, तेलंगण आणि कन्नड भाषक जिल्ह्यांच्या इतिहासात त्यांचे नाव येते, ते मुख्यतः १९४८-४९ मधील सुमारे पंधरा महिन्यांच्या कारभारामुळे.

पूर्व बंगालमधील पाबना जिल्ह्यातील हरिपूरच्या जमीनदार चौधरी घराण्यात त्यांचा जन्म झाला. वडील बॅरिस्टर होते, तर आई काँग्रेसचे पहिले अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी यांची कन्या. कलकत्त्याचे सेंट झेवियर्स आणि लंडनची हायगेट शाळा येथे शिक्षण घेऊन ते सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात दाखल झाले. तेथे पडलेले ‘मुचू’ हे टोपणनाव त्यांना अखेरपर्यंत चिकटून राहिले. १९२८ मध्ये अधिकारपद मिळाल्यावर ते ७ व्या लाइट कॅव्हलरीत रुजू झाले. दुसऱ्या महायुद्धात पाचव्या भारतीय डिव्हिजनबरोबर सुदान, इरिट्रिया, ॲबिसिनिया आणि पश्चिम वाळवंटातील मोहिमांत त्यांनी काम केले. पुढे ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १६ व्या लाइट कॅव्हलरीचे नेतृत्व त्यांच्याकडे होते. स्वातंत्र्यानंतर लष्करी मुख्यालयातील संचालन आणि गुप्तवार्ता विभाग सांभाळून १९४८ च्या मे महिन्यात त्यांनी पहिल्या आर्मर्ड डिव्हिजनची सूत्रे हाती घेतली.

भारत सरकार आणि निजाम मीर उस्मान अली खान यांच्यात २९ नोव्हेंबर १९४७ रोजी झालेला जैसे थे करार वर्षभरासाठी होता. परंतु निजामाची बाजू घेणाऱ्या रझाकार या सशस्त्र संघटनेचा धुमाकूळ, सरहद्दीवरील चकमकी आणि संस्थानाचे पंतप्रधान मीर लायक अली यांच्या मंत्रिमंडळाची अडेल भूमिका यांमुळे तो मुदतीआधीच मोडीत निघाला. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सदर्न कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल महाराज राजेंद्रसिंहजी यांच्या देखरेखीखाली भारतीय फौजा अनेक बाजूंनी संस्थानात शिरल्या. सोलापूरकडून निघालेली मुख्य फौज चौधरी यांच्या हाताखाली होती. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरील पूल उडवला गेला असता तर रणगाड्यांची वाट तेथेच अडली असती. पण आघाडीच्या तुकडीने तो शाबूत ताब्यात घेतला, किल्ला सर केला आणि दुपारपर्यंत फौज उमरग्यापर्यंत सरकली. १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्रे खाली ठेवण्याचा आदेश दिला आणि दुसऱ्या दिवशी संस्थानी सैन्याचे प्रमुख मेजर जनरल सय्यद अहमद एल इद्रूस यांनी चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिन पाळला जातो तो १७ सप्टेंबरला. चौधरी यांच्या गव्हर्नरपदाला मात्र १८ तारखेपासून सुरुवात झाली.

या पदाचा कायदेशीर पाया मोठा चमत्कारिक होता. संस्थान जिंकले होते भारतीय फौजेने, पण ते कागदोपत्री अद्याप निजामाचेच होते. त्यामुळे १९ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने फर्मान काढून आपल्या प्रजेला कळवले की, राज्यकारभाराचे सर्व अधिकार मेजर जनरल चौधरी यांच्याकडे सोपवले आहेत. या अधिकारांत कायदे करण्याचा अधिकार येतो की नाही, ही शंका उरू नये म्हणून ७ ऑगस्ट १९४९ रोजी आणखी एक फर्मान निघाले आणि तो अधिकार आरंभापासूनच त्यांच्याकडे होता, असे जाहीर झाले. हुकूम चौधरी यांचा आणि हुकुमामागची सत्ता निजामाची, अशी ही व्यवस्था होती. तिच्यामुळे राजवट उलथली तरी न्यायालये, महसूल खाते आणि जुने कायदे यांचे सातत्य तुटले नाही. लष्करी गव्हर्नरच्या विनियमांवर हिजरी वा इसवी सन नसे. संस्थानातील जुन्या रिवाजाप्रमाणे त्यांवर फसली सन, म्हणजे महसुली कामासाठीची कालगणना, पडे. व्यवहारातले नाणेही हाली सिक्का हे संस्थानाचे जुनेच राहिले.

दैनंदिन कारभारासाठी चौधरी यांच्या जोडीला मुख्य मुलकी प्रशासक म्हणून द. सी. बखले हे आय.सी.एस. अधिकारी देण्यात आले. मुंबई, मद्रास आणि मध्य प्रांतातून अधिकारी आणून जिल्ह्यांवर नेमण्यात आले. अशा नेमणुकांखेरीज त्या वेळी कारभार चालला नसता हे खरे असले, तरी ‘मुल्की’ (संस्थानातले) आणि ‘गैरमुल्की’ (बाहेरून आलेले) या जुन्या वादाला त्यांतून नवे खाद्य मिळाले आणि १९५२ मध्ये तो पुन्हा उफाळून आला.

चौधरी यांच्या कारकिर्दीतील सर्वांत टिकाऊ काम जमिनीच्या बाबतीत झाले. संस्थानाचे सुमारे ६० टक्के क्षेत्र दिवाणी म्हणजे सरकारी महसुलाखाली, जवळपास १० टक्के सर्फ-इ-खास म्हणजे निजामाच्या खासगी उत्पन्नाखाली आणि उरलेले ३० टक्के जहागिरींखाली होते. जहागिरीत बहुधा जहागीरदाराची वसुली, त्याचाच अंमलदार आणि पुष्कळ ठिकाणी त्याचेच पोलीस असत. फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फ-इ-खास दिवाणीत विलीन करण्यात आले आणि १५ ऑगस्ट १९४९ पासून जहागिरी रद्द करणारा विनियम अमलात आला. देशाच्या इतर भागांत जमीनदारी उच्चाटनाची विधेयके विधिमंडळांत आणि नंतर न्यायालयांत वर्षानुवर्षे रेंगाळली, येथे मात्र एका लष्करी अधिकाऱ्याच्या सहीने काम झाले. जहागीरदारांना हप्त्यांनी मोबदला ठरवून देण्यात आला. कुळांच्या प्रश्नासाठी चौकशी समितीही याच काळात नेमली गेली.

याच राजवटीची दुसरी बाजू काळी आहे. पोलीस कारवाईच्या वेळी आणि तिच्यानंतरच्या आठवड्यांत ग्रामीण भागात मुसलमानांवर सूड उगवला गेला. उस्मानाबाद, बीदर, गुलबर्गा आणि नांदेड हे जिल्हे त्यात सर्वाधिक होरपळले. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने नोव्हेंबर-डिसेंबर १९४८ मध्ये संस्थानात फिरून अहवाल दिला. मृतांचा आकडा २७ ते ४० हजारांच्या दरम्यान असावा, असा तिचा अंदाज होता आणि काही ठिकाणी सैनिक व पोलीसही लुटीत सामील झाल्याची नोंद तिने केली. खुद्द चौधरी यांना मात्र जातीय पूर्वग्रह नसलेला, शिस्तप्रिय अधिकारी म्हणूनच समितीने वाखाणले. हा अहवाल कित्येक दशके जनतेपुढे आला नाही. प्रमुखाच्या निःपक्षपाती वृत्तीचा लाभ दूरच्या खेड्यापर्यंत पोचला नाही, असाच निष्कर्ष त्यातून निघतो. तेलंगणातील कम्युनिस्टांच्या सशस्त्र लढ्याविरुद्धची कठोर मोहीमही याच काळात सुरू झाली; तो लढा मागे घेतला गेला तो १९५१ मध्ये, म्हणजे चौधरी गेल्यावर.

१ डिसेंबर १९४९ च्या फर्मानाने चौधरी यांचे अधिकार संपुष्टात आले आणि एम. के. वेल्लोडी या मुलकी अधिकाऱ्याकडे मुख्यमंत्री म्हणून कारभार गेला. तत्पूर्वी २३ नोव्हेंबरला निजामाने भारताची राज्यघटना संस्थानाला लागू करण्यास मान्यता दिली होती.

पुढे ॲडज्युटंट जनरल, चीफ ऑफ जनरल स्टाफ आणि कोअर कमांडर अशी पदे भूषवून १९५९ मध्ये ते पुण्याला सदर्न कमांडचे प्रमुख झाले. डिसेंबर १९६१ मधील गोवा मोहीम याच कमांडने पार पाडली. तेथे लष्करी गव्हर्नर म्हणून मेजर जनरल के. पी. कँडेथ यांची नेमणूक झाली.

चीनविरुद्धच्या पराभवानंतर तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल थापर पायउतार झाले आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये लष्करप्रमुखपद चौधरी यांच्याकडे आले. त्याच सुमारास यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. पर्वतीय डिव्हिजनांची उभारणी, नवी भरती आणि शस्त्रसामग्रीची जमवाजमव हे काम या दोघांच्या काळात झाले. १ सप्टेंबर १९६५ रोजी पाकिस्तानी रणगाडे जम्मू भागातील छांबमध्ये घुसले, तेव्हा चौधरी यांनी चव्हाणांकडे हवाई दल वापरण्याची मागणी केली. चव्हाणांनी ती तत्काळ मान्य केली आणि त्याच संध्याकाळी विमाने छांबवर पोचली.

या युद्धातील त्यांच्या नेतृत्वाविषयी मतभेद आहेत. पंजाबातील खेमकरण आघाडीवर दबाव वाढला असताना बियास नदीमागे हटण्याची सूचना चौधरी यांनी केली आणि आपण ती मानली नाही, असे वेस्टर्न कमांडचे प्रमुख हरबक्षसिंग यांनी नंतर लिहिले. युद्धबंदीच्या वेळी पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींना चौधरी यांनी आघाडीवरील बराचसा दारूगोळा संपल्याचे सांगितले. प्रत्यक्षात त्याचा एक पंचमांशाहून अधिक भाग खर्ची पडला नव्हता, असे मागाहून दिसून आले. फौजेची पुनर्बांधणी करणारा संघटक म्हणून त्यांची बाजू भक्कम आहे, परंतु रणांगणावरील निर्णयांच्या बाबतीत ते अतिसावध होते, हा आक्षेप सहज फेटाळता येत नाही.

जून १९६६ मध्ये ते निवृत्त झाले. त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. कॅनडातील भारताचे उच्चायुक्त म्हणून १९६९ पर्यंत काम केल्यावर त्यांचा उरलेला काळ अध्यापन आणि लेखनात गेला. लेखणीची सवय जुनीच होती. लष्करी सेवेत असतानाच ते द स्टेट्समन या कलकत्त्याच्या वृत्तपत्रासाठी नाव न देता लष्करी विषयांवर लिहीत असत.