अध्यापन व मूल्यमापनविषयक प्राध्यापक परिषदा

विद्यापीठांतील प्राध्यापक ज्या परिषदांत स्वतःच्या विषयाऐवजी स्वतःच्या शिकवण्याविषयी निबंध वाचतात, त्या परिषदा. रसायनशास्त्राच्या परिषदेत एखादे नवे संयुग मांडले जाते. येथे तोच रसायनशास्त्राचा प्राध्यापक पहिल्या वर्षाचे विद्यार्थी ‘मोल’ (पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक) या संकल्पनेशी नेमके कुठे अडखळतात, ते कसे शोधले आणि त्यावर काय करून पाहिले, हे मांडतो. अध्यापनाच्या पद्धती, विद्यार्थ्यांच्या अध्ययनाचे मूल्यमापन आणि या दोहोंचे संशोधनाशी असलेले नाते हे या परिषदांचे तीन नेहमीचे विषय. काही परिषदा एखादे विद्यापीठ सत्र सुरू होण्यापूर्वी फक्त आपल्या अध्यापकांसाठी भरवते. काही आंतरराष्ट्रीय संस्थांच्या वार्षिक परिषदा असतात आणि त्यांत सर्व विद्याशाखांचे लोक एकत्र येतात. इतिहासाच्या अध्यापकाने अभियांत्रिकीच्या अध्यापकाला प्रश्न विचारावा, असे प्रसंग विद्यापीठात एरवी क्वचितच येतात.

या परिषदांची गरज विद्यापीठाच्या घडणीतच आहे. संशोधन जन्मतःच सार्वजनिक असते: ते छापले जाते, तपासले जाते, खोडलेही जाते. अध्यापन मात्र वर्गाचे दार लावून होते. वीस वर्षे शेजारच्या वर्गात शिकवणाऱ्या सहकाऱ्याचे एकही व्याख्यान न ऐकलेले प्राध्यापक सर्वत्र सापडतील. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९९३ मध्ये या स्थितीला अध्यापकाचा एकांतवास म्हटले आणि अध्यापन ही विद्वानांच्या समुदायाची सामाईक मालमत्ता व्हावी, असा आग्रह धरला. त्याआधी तीन वर्षे, १९९० मध्ये, कार्नेगी प्रतिष्ठानचे अध्यक्ष अर्नेस्ट बॉयर यांनी विद्वत्तेचे चार प्रकार मांडले होते: नव्या ज्ञानाचा शोध, ज्ञानशाखांची सांधणी, ज्ञानाचे उपयोजन आणि अध्यापन. चौथ्या प्रकाराला पहिल्याच्या बरोबरीने मान द्यायचा, तर तो पहिल्यासारखाच समव्यवसायींच्या परीक्षणाला सामोरा गेला पाहिजे, हे ओघाने आले. आजच्या बहुतेक परिषदांचे वैचारिक मूळ या दोन मांडण्यांत आहे. अध्यापनविद्वत्तेला वाहिलेली आंतरराष्ट्रीय संस्था २००४ मध्ये स्थापन झाली आणि तिच्या वार्षिक परिषदा वेगवेगळ्या देशांत भरू लागल्या.

परंपरा अर्थात त्याहून जुनी आहे. ऑस्ट्रेलेशियातील उच्च शिक्षणाच्या संशोधन व विकासासाठीची संस्था १९७२ पासून कार्यरत आहे. जगभरच्या अभ्यासक्रमांत आज ज्याचा हवाला दिला जातो, त्या ब्लूम यांच्या शैक्षणिक उद्दिष्टांच्या वर्गीकरणाची कल्पनाही एका परिषदेच्या आडोशाने जन्मली. १९४८ मध्ये बोस्टन येथे अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अधिवेशनाला आलेले काही महाविद्यालयीन परीक्षक अनौपचारिकपणे भेटले. प्रश्नांची देवाणघेवाण करायची तर उद्दिष्टांची समान परिभाषा हवी, असे त्यांच्या बोलण्यात निघाले. ग्रंथ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. परिषदेचे खरे काम छापील कार्यक्रमपत्रिकेबाहेर होते असे जाणकार म्हणतात, त्याला हा भक्कम आधार मानता येईल.

मूल्यमापनाचा प्रश्न

परिषदांमधील सर्वांत जिवंत आणि सर्वांत वादाचा भाग मूल्यमापनाचा. गुण ही वस्तुनिष्ठ गोष्ट आहे हा समज फार पूर्वीच डळमळीत झाला होता. फ्रान्सिस एजवर्थ यांनी १८८८ मध्ये परीक्षांमधील गुणांच्या अनिश्चिततेचे संख्याशास्त्रीय विवेचन केले. १९१२ मध्ये स्टार्च आणि इलियट यांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांतील शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा एकाच उत्तरपत्रिकेला पन्नाशीपासून नव्वदीच्या पुढपर्यंत गुण मिळाले. इंग्रजीसारख्या विषयात असे होणारच, असा आक्षेप आला; म्हणून त्यांनी पुढच्या वर्षी भूमितीची उत्तरपत्रिका घेतली. तफावत कमी झाली नाही.

म्हणूनच अशा परिषदांत भाषणांपेक्षा गुणदानाच्या कार्यशाळा अधिक मोलाच्या ठरतात. सहभागींना नावे काढून टाकलेल्या त्याच तीन-चार उत्तरपत्रिका दिल्या जातात. प्रत्येकाने आधी एकट्याने गुण द्यायचे, मग सर्वांचे आकडे फळ्यावर लिहायचे. त्यानंतरचा अर्धा तास सहसा शब्दाशब्दीचा असतो. एकाने युक्तिवादाला गुण दिलेले असतात, दुसऱ्याने नीटनेटकेपणाला, तिसऱ्याने उत्तर चुकले तरी रीत बरोबर म्हणून. आपण कशाला गुण देतो हे अनेकांना तेव्हाच प्रथम कळते. मग निकषांचा तक्ता, म्हणजे रुब्रिक, हाती घेऊन दुसरी फेरी होते आणि आकडे जवळ येतात. ते एक होत नाहीत. तसे व्हावेत अशी अपेक्षाही नसते. तक्ता विद्यार्थ्यांच्या हाती आधीच द्यावा की नाही, यावर मात्र आजही दोन तट आहेत: एक म्हणतो, अपेक्षा लपवणे अन्यायाचे, दुसरा म्हणतो, मग विद्यार्थी तक्त्यापुरतेच लिहितात.

मायकल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये केलेला आकारिक आणि संकलित मूल्यमापनातील भेद या चर्चांचा पाया आहे. शिकणे चालू असताना सुधारणेसाठी केलेली तपासणी ती आकारिक, शेवटी निवाडा देणारी ती संकलित. ब्लॅक आणि विल्यम यांच्या १९९८ च्या आढाव्यानंतर आकारिक मूल्यमापनाकडे परिषदांचा ओढा वाढला. जॉन बिग्ज यांनी १९९६ मध्ये आणखी एक साधी वाटणारी अट घातली: अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शेवटी विद्यार्थ्याला काय यायला हवे ते), वर्गातील कृती आणि परीक्षा यांची दिशा एकच हवी. चिकित्सक विचार हे उद्दिष्ट लिहायचे आणि परीक्षेत व्याख्या विचारायच्या, या विसंगतीवर बोट ठेवणारे निबंध प्रत्येक परिषदेत असतात, आणि ते फारसे जुने होत नाहीत.

या साऱ्यामागे बाहेरचा दाबही आहे. अमेरिकेत उच्च शिक्षणातील मूल्यमापनावरची पहिली राष्ट्रीय परिषद १९८५ मध्ये दक्षिण कॅरोलायनातील कोलंबिया येथे भरली, तेव्हा सार्वजनिक पैशाच्या बदल्यात विद्यार्थी काय शिकतात, असा जाब विद्यापीठांना विचारला जाऊ लागला होता. अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेचा १९८९ चा वॉशिंग्टन करार आणि युरोपीय देशांतील उच्च शिक्षणाचा मेळ घालणारी १९९९ ची बोलोन्या घोषणा यांनंतर निष्पत्तींची भाषा जगभर पसरली. तेव्हापासून या परिषदांत दोन प्रवृत्ती एकाच मांडवाखाली नांदतात. एकीला अधिस्वीकृती समितीपुढे (म्हणजे संस्थेचा दर्जा तपासून मान्यता देणाऱ्यांपुढे) ठेवण्यासाठी आकडे हवे असतात, दुसरीला पुढच्या सत्रात काय बदलायचे हे कळायला हवे असते. दोन्ही गरजा खऱ्या आहेत, पण त्यांसाठी लागणारी माहिती एकच नसते. आणि पहिलीसाठी जमवलेले तक्ते दुसरीच्या कामी आले, असे क्वचितच दिसते.

पुरावा कशाला म्हणायचे

कच्च्या निबंधाचा साचा ओळखीचा आहे: नवी पद्धत वापरली, विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली, बहुसंख्यांना ती आवडली. आवडणे आणि शिकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. उटल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात विद्यार्थ्यांनी अध्यापकांना दिलेली श्रेणी आणि विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष अध्ययन यांत लक्षणीय संबंध आढळला नाही.

चांगल्या पुराव्याचे उदाहरण म्हणून भौतिकशास्त्राकडे पाहावे लागते. डेव्हिड हेस्टेनिस आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बलसंकल्पना चाचणीत गणित जवळजवळ नव्हते. रोजच्या भाषेत विचारलेले प्रश्न होते. किचकट उदाहरणे सोडवणारे विद्यार्थी त्यांत न्यूटनपूर्व कल्पनांनिशी उत्तरे देत होते. हार्वर्डमधील एरिक माझूर यांनी या चाचणीची आधीची आवृत्ती आपल्या विद्यार्थ्यांना दिली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले की उत्तरे तुम्ही शिकवलेत तशी लिहायची, की मी एरवी विचार करते तशी? पुढे माझूर यांनी व्याख्यान थांबवून विद्यार्थ्यांना एकमेकांशी वाद घालायला लावणारी पद्धत रूढ केली, तिचा उगम त्या चाचणीतून मिळालेल्या धक्क्यात आहे. २०१४ मध्ये फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी व गणितातील २२५ अभ्यास एकत्र तपासले. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गांत नापास होण्याची शक्यता सक्रिय अध्ययनाच्या वर्गांच्या तुलनेत दीडपट निघाली. मानव्यविद्यांत असे मोजमाप अवघड आहे, आणि तेथील अध्यापक प्रयोगशाळेचे निकष आपल्यावर लादले जातात अशी तक्रार करतात. ती पुष्कळ अंशी रास्त आहे. एका विद्यार्थ्याच्या वर्षभरातील लेखनाचे बारकाईने केलेले वाचन हाही पुरावाच असतो.

नीतीचा मुद्दा येथे टाळता येत नाही. ज्याच्या हाती गुण आहेत, त्यानेच अभ्यासासाठी संमती मागितली तर नकार देणे विद्यार्थ्याला जड जाते. म्हणून संमतीपत्रे तिसऱ्याच व्यक्तीने घेणे आणि गुण जाहीर होईपर्यंत ती प्राध्यापकाला न दाखवणे, अशी पद्धत चांगल्या परिषदांत अपेक्षित असते.

संशोधनाशी नाते

उत्तम संशोधक तोच उत्तम शिक्षक, ही श्रद्धा १८१० मध्ये स्थापन झालेल्या बर्लिन विद्यापीठाच्या आणि विल्हेल्म फोन हुम्बोल्ट यांच्या आदर्शातून आली. हॅटी आणि मार्श यांनी १९९६ मध्ये ५८ अभ्यासांचे विश्लेषण केले. दोहोंतील सहसंबंध ०.०६ निघाला, म्हणजे जवळपास शून्य. त्यावरून दोन्ही कामे वेगळी करावीत असे काहींनी सुचवले. स्वतः लेखकांचा कल उलटा होता: नाते आपोआप जुळत नसेल, तर ते जाणीवपूर्वक जुळवावे. पदवीच्या विद्यार्थ्यांना संशोधनात घेण्याविषयीची सत्रे त्यातूनच आली आहेत.

रचना आणि उणिवा

स्वरूप नेहमीचेच: निबंधांसाठी आवाहन, गोषवाऱ्यांचे नावे झाकून परीक्षण, बीजभाषण, समांतर सत्रे, पोस्टर, कार्यशाळा. समांतर सत्रांत पंधरा-वीस मिनिटांत निबंध उरकला जातो आणि सत्राध्यक्ष घड्याळाकडे पाहत प्रश्नोत्तरे आवरतात. पोस्टरजवळ उभ्याने होणारी चर्चा त्यापेक्षा बरी.

पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र लागते तेथे सहभागाचा अर्थ बदलतो. निबंध वाचून दुपारीच निघून जाणारे पुष्कळ. याच गरजेवर फसव्या परिषदा पोसल्या जातात. अवाच्या सवा शुल्क, एका दिवसात येणारी स्वीकृती, एकाच सभागृहात दहा असंबद्ध विषयांच्या परिषदा, परवानगीशिवाय छापलेली समितीतील नावे, या त्यांच्या खुणा. प्रामाणिक परिषदेचीही अडचण आहे: एकटा गेलेला अध्यापक परतल्यावर विभागात एकटाच उरतो. त्यामुळे काही विद्यापीठे एका विभागाचे तीन-चार जण मिळून पाठवतात आणि वर्षभराने त्यांच्याकडून बदललेली प्रश्नपत्रिका किंवा अभ्यासक्रम मागतात.

२०२० च्या महासाथीत परिषदा दूरस्थ झाल्या आणि प्रवासखर्च न परवडणारे अध्यापक प्रथमच मोठ्या संख्येने आले. मिश्र स्वरूप त्यानंतरही टिकले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून कार्यक्रमपत्रिकांचा मोठा भाग एकाच पेचाने व्यापला आहे: घरी लिहून आणलेला निबंध आता कशाचा पुरावा मानायचा? तोंडी परीक्षा, वर्गातच केलेले लेखन आणि मसुद्यांच्या टप्प्याटप्प्याने तपासणीवर त्यामुळे पुन्हा निबंध वाचले जात आहेत, आणि दोनशे विद्यार्थ्यांच्या वर्गात तोंडी परीक्षा घ्यायची कुणी, हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक सत्रात मागच्या रांगेतून येतो.